नव्या श्रोत्यासाठी इंडी रॉक : सुरुवात 'टायगर्स ब्लड'पासून

इंडी रॉक ऐकायला कुठून सुरुवात करावी, असे विचारणाऱ्याला मी हल्ली एकच उत्तर देतो : वॅक्साहॅची या अमेरिकी गायिकेचा 'टायगर्स ब्लड' हा अल्बम लावावा, आणि तो पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत क्रमाने ऐकावा. हे उत्तर सापडायला मला बरीच वर्षे लागली. पूर्वी मी समीक्षकांच्या वर्षअखेरीच्या याद्यांतले वरचे दोन-तीन अल्बम सुचवीत असे, आणि विचारणारी मंडळी बहुधा दुसऱ्या गाण्याच्या पुढे जात नसत. दोष त्यांचा नव्हता. त्या याद्या ज्यांनी शेकडो अल्बम आधीच पचवले आहेत अशा लोकांनी आपल्यासारख्याच लोकांसाठी केलेल्या असतात. ऐकून ऐकून कान किटलेल्या माणसाला जे ताजे वाटते, ते नवख्याला नुसतेच कर्कश वाटण्याचा संभव असतो. म्हणून या लेखात मी गेल्या तीन-चार वर्षांतले थोडेच अल्बम निवडले आहेत, आणि ज्याने आजवर मराठी-हिंदी गाणी, थोडे शास्त्रीय आणि जाता-येता कानावर पडलेले इंग्रजी संगीत ऐकले आहे, पण ज्याला कुतूहल आहे, असा श्रोता डोळ्यांसमोर ठेवला आहे.

'इंडी' हे 'इंडिपेंडंट'चे लघुरूप. आपल्याकडे काही जण ते 'इंडियन'चे समजतात आणि मग संभाषण भलतीकडेच जाते. शब्दाचा मूळ अर्थ व्यापारातला आहे : बड्या रेकॉर्ड कंपन्यांच्या बाहेर, छोट्या स्वतंत्र कंपन्यांनी काढलेले संगीत. ब्रिटनमध्ये १९८० सालापासून अशा कंपन्यांच्या रेकॉर्डांच्या खपाची स्वतंत्र यादी प्रसिद्ध होऊ लागली. पुढे या वाटेने आलेल्या बँडांचा एक ओळखीचा बाज तयार झाला. गिटार केंद्रस्थानी, ध्वनिमुद्रण फारसे न घासलेले, आणि गाणाऱ्याचा गळा तयार नसला तरी चालेल पण तो त्याचा स्वतःचा असला पाहिजे, असा आग्रह. आज 'इंडी रॉक' म्हणताना लोकांच्या मनात हाच बाज असतो. माझ्या मते अलीकडच्या काळात या शैलीतला सर्वांत रसाळ भाग अमेरिकेच्या दक्षिणेकडून, अलाबामा आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत वाढलेल्या माणसांकडून आला आहे. ही माणसे एकमेकांच्या अल्बमांत वाजवतात आणि गातात, त्यामुळे एका अल्बमाचा हात धरून दुसऱ्याकडे जाता येते. नव्या श्रोत्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे.

वॅक्साहॅची हे केटी क्रचफील्ड या गायिकेने घेतलेले नाव असून ते अलाबामातल्या तिच्या घराजवळच्या एका ओढ्याचे आहे. जुळी बहीण ॲलिसन हिच्याबरोबर पंक, म्हणजे वेगवान आणि खडबडीत रॉक वाजवणाऱ्या, बँडांतून सुरुवात केलेल्या केटीने या नावाने पहिला अल्बम २०१२ साली काढला, तोही आईवडिलांच्या घरी मुद्रित केलेला आणि जवळजवळ फक्त आवाज आणि गिटार एवढाच ऐवज असलेला. मद्य सोडल्यानंतर लिहिलेल्या २०२०च्या 'सेंट क्लाउड'मध्ये तिने गोंगाट बाजूला सारून लहानपणी ऐकलेल्या कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या, संगीताशी उघडपणे नाते जोडले, आणि २२ मार्च २०२४ रोजी अँटाय या कंपनीने काढलेला 'टायगर्स ब्लड' हा त्याच वाटेवरचा, अधिक स्थिरावलेला अल्बम आहे. गाणी बारा आहेत. निर्माता ब्रॅड कुक. मुद्रण टेक्सासमध्ये मेक्सिकोच्या सरहद्दीलगत टॉर्निलो येथील सोनिक रँच या स्टुडिओत झाले.

अल्बमाच्या नावाने बिचकण्याचे कारण नाही. 'टायगर्स ब्लड' हा अमेरिकेत बर्फाच्या गोळ्यावर घालण्याच्या सरबताचा एक स्वाद आहे. स्ट्रॉबेरी, कलिंगड आणि नारळ यांचा लालभडक मिलाफ. आपल्याकडच्या काला खट्ट्याचा तो दूरचा भाऊबंद म्हणावा. शेवटच्या, शीर्षकाच्या गाण्यात त्या सरबताने लाल झालेल्या जिभेचा आणि दातांचा उल्लेख येतो, आणि ज्याने शाळा सुटल्यावर गोळा खाऊन जांभळी जीभ एकमेकांना दाखवली आहे त्याला त्या ओळीचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. याच गाण्याच्या अखेरीस बाकीची मंडळीही केटीच्या आवाजात आवाज मिसळतात, आणि बारा गाणी एकटीने वाहिलेला भार सगळ्यांनी मिळून खाली ठेवावा तसे काहीसे वाटते.

नव्या कानासाठी मी हाच अल्बम निवडतो, कारण इथे आवाज आणि शब्द पुढे आहेत आणि वाद्ये त्यांच्या मागे अदबीने उभी आहेत. केटीचा आवाज टोकदार आहे, किंचित नाकातला. दक्षिणेच्या बोलीतले ओढलेले स्वर ती लपवत नाही. ओळीत मावतील त्याहून दोन-तीन शब्द अधिक ती कोंबते आणि तरीही समेवर बरोबर येते, हे ऐकताना ठेक्याची जाण असलेल्या श्रोत्याला विशेष गंमत वाटेल. 'राइट बॅक टू इट' हे गाणे प्रथम ऐकावे असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचे चूक नाही. फिल कुकचा बँजो मंद पावलांनी चालत राहतो, आणि ध्रुवपदाला केटीच्या आवाजाखाली एक पुरुषी, आळसावलेला आवाज येऊन बसतो. आपल्या युगुलगीतांत बहुधा एक ओळ तो गातो, पुढची ती गाते, आणि एकत्र आले तर दोघेही तीच चाल धरतात. इथे दोघे एकाच वेळी एकाच ओळीवर वेगवेगळे स्वर धरून चालतात आणि त्या दोन स्वरांमधल्या अंतरातच गाण्याचा जिव्हाळा आहे. पहिल्यांदा फक्त तिच्या आवाजामागे जावे, दुसऱ्यांदा फक्त त्याच्या. तिसऱ्यांदा दोन्ही आपोआप एकत्र ऐकू येतात.

'३६५' हे गाणे जवळजवळ उघड्या आवाजावर उभे आहे. व्यसनात अडकलेल्या माणसावर जीव जडलेल्याची त्यातली कोंडी, केटी स्वतः त्या वाटेने जाऊन आलेली असल्यामुळे, उपदेशाच्या सुरात कुठेही घसरत नाही. 'बोअर्ड'मध्ये मात्र जुनी पंकवाली केटी बाह्या सरसावून येते. तक्रार करायचीच तर एवढी करीन, की अल्बमाच्या मध्यावर लागोपाठ येणारी काही गाणी एकाच मध्यम लयीत आहेत, आणि लक्ष थोडे ढिले पडले तर एक कधी संपले आणि दुसरे कधी सुरू झाले ते समजत नाही. बारांऐवजी दहा गाणी असती तर मी हरकत घेतली नसती.

'राइट बॅक टू इट'मधला तो आळसावलेला आवाज एम. जे. लेंडरमन याचा. जन्म १९९९चा, गाव नॉर्थ कॅरोलायनातले ॲशव्हिल. 'टायगर्स ब्लड'मध्ये अनेक ठिकाणी गिटारही त्याचीच आहे. २०२४मध्येच ६ सप्टेंबरला त्याचा स्वतःचा 'मॅनिंग फायरवर्क्स' आला, तोही अँटायकडूनच. ॲशव्हिलच्या ड्रॉप ऑफ सन या स्टुडिओत सहनिर्माता ॲलेक्स फरारच्या साथीने मुद्रित केलेल्या या अल्बमात बहुतेक वाद्ये लेंडरमनने स्वतःच वाजवली आहेत. गाणी नऊच, आणि त्यांतले एकही भरतीचे नाही.

लेंडरमनचे बळ विनोदात आहे, पण तो विनोद हसवून मोकळा होणारा नाही. त्याच्या गाण्यांत बोलणारे पुरुष बहुधा हरलेले असतात आणि ते त्यांना कळलेले नसते. 'रिस्टवॉच'मधला माणूस आपल्या तरंगत्या घराची आणि नाना करामती करणाऱ्या घड्याळाची फुशारकी मारतो, आणि गाणे संपता संपता लक्षात येते की ते घड्याळ त्याला एवढेच सांगत आहे की तू एकटा आहेस. 'शीज लीव्हिंग यू'मध्ये बायको सोडून चाललेला एक प्रौढ गृहस्थ भाड्याच्या फेरारीतून फिरतो. लेंडरमन अशा माणसाची टिंगल करतो की त्याची कणव करतो, हे शेवटपर्यंत ठरत नाही. माझ्या मते या लेखणीची खरी हातोटी तीच आहे. या गाण्याच्या अखेरीस एका स्त्रीचा आवाज ध्रुवपद घोळवत राहतो. तो आवाज कार्ली हार्ट्झमनचा, आणि तिच्याकडे आपण लवकरच येणार आहोत.

त्याआधी एका वाद्याविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण हा आणि यापुढचा, दोन्ही अल्बम त्याच्यावाचून समजणार नाहीत. पेडल स्टील गिटार. वादक बसून वाजवतो. तारा आडव्या, बहुधा दहा. डाव्या हातात तारांवर सरकवायची पोलादी कांडी, उजव्या हाताच्या बोटांना नख्या, आणि शिवाय पायाखाली पेडल व गुडघ्यांना लागणारे दांडे, ज्यांनी तारेचा ताण बदलून स्वर चढवता-उतरवता येतो. हे वाद्य मूळच्या हवाईयन गिटारचे अमेरिकी वंशज आहे, आणि हवाईयन गिटार आपल्याला परकी नाही. व्हॅन शिपले यांनी त्यावर वाजवलेली हिंदी चित्रपटगीते रेडिओवर ऐकलेली पिढी अजून घरोघरी आहे. मींड हा ज्या कानाचा संस्कार आहे त्याला पेडल स्टीलचा एका स्वरातून दुसऱ्यात विरघळत जाणारा आवाज लगेच आपलासा वाटतो. एरवी इंडी रॉक कोरडे वाटणाऱ्या मराठी श्रोत्याला या गोतावळ्याचे संगीत जवळचे वाटू शकते, असा माझा अंदाज आहे, आणि त्याचे मुख्य कारण हे वाद्य. लेंडरमनच्या अल्बमात ते झँडी चेल्मिस वाजवतो.

'मॅनिंग फायरवर्क्स'चा शेवट नवख्याला कोड्यात टाकील. 'बार्क ॲट द मून' हे शेवटचे गाणे सुमारे दहा मिनिटांचे आहे, पण त्यातले गाणे पहिल्या काही मिनिटांतच आटोपते. उरलेला वेळ एक जाड, घरघरणारा, अखंड नाद चालू राहतो, ज्यात वाद्ये हलकेच येतात आणि बुडतात. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी ध्वनिफीत बिघडली असे समजून ते बंद केले होते. तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला खरे तर हा प्रकार सोपा जावा, पण एक फरक ध्यानात घ्यावा लागतो : आपल्याकडे आधी तंबोरा जुळतो आणि मग गाणे त्यावर उभे राहते, इथे गाणारा उठून गेला आहे आणि नाद तेवढा मागे राहिला आहे. नऊ गाणी बढाया मारणाऱ्या माणसांची ऐकल्यावर ही शांतता मला योग्य वाटते. पहिल्या फेरीत मात्र ती ऐकलीच पाहिजे असे नाही.

हा अल्बम निघून तीन आठवडेच झाले होते तेव्हा, २७ सप्टेंबर २०२४च्या सुमारास, हेलेन वादळाने ॲशव्हिल आणि आसपासचा डोंगराळ मुलूख पाण्याखाली घातला. पूरग्रस्तांच्या मदतीसाठी निघालेल्या 'कार्डिनल्स ॲट द विंडो' या संकलनात शंभराहून अधिक गाणी जमा झाली. ज्यांना या प्रांताच्या संगीताचा विस्तार पाहायचा असेल त्यांनी ते संकलन चाळावे, पण सुरुवातीला नव्हे. त्यात हरवायला होते.

तिसरा अल्बम वेन्सडे या बँडचा 'रॅट सॉ गॉड', ७ एप्रिल २०२३चा, डेड ओशन्स या कंपनीचा. बँडची कर्तीधर्ती कार्ली हार्ट्झमन, गिटारवर पुन्हा लेंडरमन, स्टीलवर पुन्हा चेल्मिस, आणि ॲलेक्स फरारसह स्टुडिओही पुन्हा तोच. कालक्रमाने हा तिन्हींत आधीचा आहे, तरी तो तिसरा ऐकावा असे मी मुद्दाम म्हणतो. कारण इथे गोंगाट आहे, आणि तो खरोखरीचा आहे. दोन गिटारी डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या आवाजात, बुडालेल्या असताना त्यांच्यामधून स्टीलची करुण मींड वर येते; मुसळधार पावसात पत्र्याच्या छपराखाली कोणीतरी सारंगी वाजवावी, असा तो परिणाम आहे. ज्याने आधी 'मॅनिंग फायरवर्क्स' ऐकला आहे त्याचा कान या दोन्ही आवाजांना सरावलेला असतो, आणि मग गोंगाटाच्या आत चाल आहे हे त्याला ऐकू येते.

हार्ट्झमन नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोची. तिची गाणी त्या गावाच्या कडेकडेने फिरतात : पेट्रोल पंप, खाणीलगतची वस्ती, उनाड पोरांच्या रात्री, शेजाऱ्यांच्या घरांतली कुजबुज. ती उपमा फारशा देत नाही, पाहिलेल्या वस्तूंची नावे घेते, आणि ती नावे एकापुढे एक येऊन उभी राहिली की गाव दिसू लागते. 'चोझन टु डिझर्व्ह'मध्ये ती आपल्या प्रियकराला स्वतःच्या पौगंडावस्थेतले सारे उपद्व्याप सांगून टाकते, की बाबा, तुझ्या वाट्याला कोण आले आहे ते आधीच ऐकून घे. या अल्बमात शिरायला हेच दार सर्वांत रुंद आहे. 'बुल बिलीव्हर' हे साडेआठ मिनिटांचे गाणे मात्र दुसऱ्याच क्रमांकावर असून त्याच्या उत्तरार्धात हार्ट्झमन एका जुन्या व्हिडिओ गेममधली आज्ञा घोळवत घोळवत अखेर किंचाळू लागते. ते किंचाळणे नाटकी नाही. माझ्या मते गेल्या काही वर्षांतल्या रॉक संगीतातला तो एक अस्सल क्षण आहे, पण रात्री उशिरा, घरात वडीलधारी मंडळी झोपलेली असताना, ते स्पीकरवर लावू नये, एवढे अनुभवाने सांगतो. अल्बम ३७ मिनिटांतच संपतो आणि त्या आटोपशीरपणामुळेच सोसतो.

याच बँडचा पुढचा अल्बम 'ब्लीड्स' १९ सप्टेंबर २०२५ रोजी आला. दरम्यान हार्ट्झमन आणि लेंडरमन यांचे नाते संपले होते. तो मुद्रणात सहभागी आहे, दौऱ्यांतून मात्र बाहेर पडला आहे. 'एल्डरबेरी वाइन' हे त्यातले गाणे इतके सुबक आहे की ते एकटेच ऐकले तर हाच तो 'बुल बिलीव्हर'वाला बँड यावर विश्वास बसणार नाही. तरीही या दोन अल्बमांतला एकच घ्यायचा असेल तर मी 'रॅट सॉ गॉड'च घेईन.

ज्यांना दक्षिणेचा हा सूर मुळीच भावला नाही, त्यांच्यासाठी कॅनडाकडचे दोन अल्बम सुचवतो, एक इथे आणि दुसरा लेखाच्या अखेरीस. टोरंटोच्या ऑल्वेज या बँडचा 'ब्लू रेव्ह' (७ ऑक्टोबर २०२२) हा चालींचा खजिना आहे : चौदा गाणी, ३८ मिनिटे, आणि प्रत्येक गाण्यात शिट्टीवर वाजवत राहावी अशी एक तरी ओळ. कच्च्या मुद्रणांची चोरी आणि लगेच आलेला पूर, अशा संकटांतून तो निघाला. निर्माता शॉन एव्हरेट याने बँडला स्टुडिओत संपूर्ण अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग वाजवायला लावला, गाण्यागाण्यांत काही सेकंदांचीच उसंत देऊन, आणि मग पुन्हा एकदा. त्या दमछाकीचा जोम ऐकताना जाणवतो. गायिका मॉली रँकिनचा आवाज गिटारींच्या धुक्यात मुद्दाम अर्धा बुडवलेला आहे. शब्द कळत नाहीत म्हणून वैतागू नये; दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ते आपसूक वर येतात.

सध्या सर्वांच्या तोंडी असलेल्या एका अल्बमाविषयी सावधगिरीची सूचना देतो. ब्रुकलिनच्या गीस या बँडचा 'गेटिंग किल्ड' (२६ सप्टेंबर २०२५) हा मलाही आवडतो. कॅमरन विंटरचा लडखडणारा, मध्येच फाटणारा, मध्येच प्रार्थनेत शिरल्यासारखा आवाज आणि मॅक्स बॅसिनचे ड्रम्स यांसाठी तो ऐकलाच पाहिजे. पण त्याचे पहिलेच गाणे, 'ट्रिनिडाड', गाडीत बॉम्ब असल्याची आरोळी ठोकत उसळते, आणि नवखा श्रोता तिथूनच मागे फिरतो. त्याने 'टॅक्सेस'पासून आरंभ करावा, नाहीतर आणखी सहा महिने थांबावे.

आपल्याकडे या संगीताचा प्रेक्षक नाही असे समजण्याचे कारण नाही. एनएच७ वीकेंडर हा महोत्सव २०१०मध्ये पुण्यातच सुरू झाला, आणि जानेवारी २०२३मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर द स्ट्रोक्स हा न्यूयॉर्कचा बँड प्रत्यक्ष वाजवून गेला. भारतातला एकच अलीकडचा अल्बम सांगायचा तर दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा 'बीटा' (ऑगस्ट २०२४) सांगेन, जरी जॅझ, डिस्को आणि लग्नातल्या बँडबाजाच्या आठवणी यांचे ते मिश्रण 'रॉक' या शब्दात कितपत बसते याविषयी मला शंका आहे.

हे अल्बम बहुतेक स्ट्रीमिंग सेवांवर मिळतात. एखादा आवडला तर बँडकँपवर विकत घेण्याचा विचार जरूर करावा. ते संकेतस्थळ डिजिटल विक्रीतून साधारण १५ टक्के ठेवते आणि बँडकँप फ्रायडे म्हणून जाहीर झालेल्या शुक्रवारी आपला वाटा सोडून देते. छोट्या कंपन्यांच्या कलावंतांना हजारो वेळा ऐकले जाण्यापेक्षा एकदा विकले जाणे अधिक पोसते.

कॅनडाकडचा दुसरा अल्बम शेवटी ठेवला, कारण तो या व्यवहाराच्याच बाहेरून आला. पूर्वी विमेन या बँडमध्ये असलेला पॅट्रिक फ्लेगल सिंडी ली या नावाने स्त्रीवेषात गातो. त्याचा 'डायमंड ज्युबिली' २९ मार्च २०२४ रोजी निघाला तेव्हा कोणत्याही स्ट्रीमिंग सेवेवर नव्हता. यूट्यूबवर दोन तासांची एकच सलग फीत होती आणि नव्वदच्या दशकातल्या वाटणाऱ्या एका ओबडधोबड संकेतस्थळावरून फाइली उतरवून घेता येत होत्या; जमल्यास ३० कॅनेडियन डॉलर पाठवावेत, असे सुचवले होते. एवढ्या आडवळणाच्या अल्बमाला पिचफोर्क या संगीतसमीक्षेच्या संकेतस्थळाने १० पैकी ९.१ गुण दिले. गाणी ३२ आहेत : साठच्या दशकातल्या मुलींच्या गायनचमूंच्या चाली, दूरच्या स्टेशनवरून लागलेल्या रेडिओसारखा खरखरता आवाज, आणि त्यांतून वाट काढणारी विलक्षण सुंदर गिटार. निवडक गाणी ऐकून याचा अंदाज येत नाही. तो सलगच ऐकावा लागतो. मी तो सकाळी पुण्याहून मुंबईला जाताना रेल्वेत ऐकला. शिवाजीनगरच्या आसपास लावला होता, घाटातल्या बोगद्यांत तो अंधारात चालू राहिला, आणि संपला तेव्हा कर्जत मागे पडले होते.